हाल्वोरची जागा

"अगं, हे काय करून ठेवलंत?" कुंपणाशीच सिग्नेचे पाय थबकले.

डोरीन हसत पुढं आली. उत्सवासाठी तिनं जुन्या काळची कापडी टोपी घालून हनुवटीखाली फीत बांधली होती. "लायलॅक होय, मावशी? दारापाशी आणून लावलं. तुम्ही आजारी होतात ना, तेव्हाच. पुस्तकात दारापाशीच आहे की! पोरं येतात नि विचारतात, ते जांभळ्या फुलांचं झाड कुठाय? दरवेळी पार माळावर बोट दाखवायचं म्हणजे..."

गवतासकट कापलेल्या मातीची ढेकळं रचून गावच्या उत्सव मंडळानं पुस्तकातलं घर नव्यानं उभारलं होतं. त्याच्या दाराशी ते झुडूप माना टाकून उभं होतं. पुस्तकं सिग्नेच्या थोरल्या बहिणीची, रागनाची. अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावर वसायला आलेल्या आपल्या घराची गोष्ट तिनं मुलांसाठी लिहिली आणि देशभरातल्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. आता रागना नव्हती. गाव मात्र तिच्यावर जगत होतं.

"ते दाराचं झाड नव्हतं गं," सिग्ने म्हणाली. "त्याखाली हाल्वोर आहे."

"कोण हाल्वोर?"

"आमचा भाऊ."

डोरीन गोंधळली. "पण पुस्तकात तर तुम्ही दोघी बहिणीच..."

माळावर तेव्हा क्रूसापुरतंही लाकूड मिळत नसे. कुणी उभा केलाच, तर वणव्यात जाई. म्हणून लेकरू पुरलं की त्यावर लायलॅक लावायचं. उजाड माळावर एकटं लायलॅक दिसलं, की जुनी माणसं गाडी थांबवून डोक्यावरची टोपी काढत.

हाल्वोर ऐन थंडीत गेला. जमीन दगडासारखी, कुदळ लागेना. बाबांनी ती इवलीशी पेटी छपरावर बर्फात ठेवली, बर्फ वितळेपर्यंत. रात्री कोल्हे घराभोवती फिरत, रडत. ते आईच्या कानावर पडू नये म्हणून बाबा फिडल वाजवत बसत. आईला पान्हा फुटतच होता. पिठाच्या पिशवीची पट्टी छातीशी आवळून ती चुलीत गवताच्या पेंढ्या सारत राही. पट्टी भिजली की सहा वर्षांची सिग्ने ती पिळून वाळत घाली. त्या पट्टीला बाळाचाच वास होता.

रागनाच्या पुस्तकात तो हिवाळा सगळ्यांत गमतीचा. फिडल, काकवी लावलेल्या पोळ्या, हसून लोटपोट.

"लहान मुलांचं पुस्तक आहे, सिग्ने," रागना तेव्हा म्हणाली होती. "मेलेलं बाळ घातलं तर छापेल कोण?"

आईनं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा मागं चाळलं नि विचारलं, "माझं बाळ कुठाय यात?" पुढची पुस्तकं आली, पण तिनं एकही उघडलं नाही.

"मग आधी बोलायचं नाही का, मावशी?" डोरीनचा आवाज जरा चढला.

"बोलले की. मंडळापुढं उभी राहून बोलले. तुझ्याच सासूबाई म्हणाल्या, सिग्नेला आता वयामुळं आठवत नाही, रागनानं सगळं लिहून ठेवलंय."

डोरीननं टोपीची फीत सैल केली. "आता काय करायचं? झाड परत नेऊ म्हटलं तरी... तिथं मुरूम पडलाय. गाड्या लावायला."

सिग्ने माळाकडं निघाली. वाटेत झेंडे होते, खाऊच्या टपऱ्या होत्या. पुढं सगळा मुरूम, रोलर फिरवून सपाट केलेला. खड्डा नाही, उंचवटा नाही, गवताची काडी नाही. तिनं ओढ्याकडं पाहिलं, मग टेकडीकडं, नि मनाशी अंदाज बांधून एका जागी जाऊन उभी राहिली.

शाळेची पिवळी बस आत वळली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "ओ आजी! बाजूला व्हा, बस लावायचीय!"

ती हलली नाही.

"ऐकू येत नाही का? एवढा माळ पडलाय, हीच जागा सापडली तुम्हाला?"

"हो," सिग्ने म्हणाली. "हीच."

पोरं खिडक्यांतून डोकावू लागली. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला आणि बस मागं घेऊन त्यानं ती पलीकडच्या कडेला लावली. तोवर दुसरी बस आत आली.

सिग्नेनं पुन्हा एकदा टेकडीकडं पाहिलं. कदाचित जरा अलीकडं असेल. ती थोडी सरकली, आणि तिथं उभी राहिली.