लिसान्द्रोचा वाटा

वाऱ्याने दार दाबून धरलं होतं. सुल्माने मूठ दोन्ही हातांनी ओढून ते कसंबसं उघडलं आणि फटीतून अंग चोरून आत शिरली. तिच्यामागे दार धाडकन आपटलं. चहाघरातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि पुन्हा आपापल्या बशांकडे गेल्या.

अंगणात पर्यटकांची मोठी बस उभी असलेली तिने पाहिली होती, पण आत मुंगी शिरायला जागा नसेल असं तिला वाटलं नव्हतं. रॉसनहून त्रेलेव आणि त्रेलेवहून गायमान, अशा दोन बस बदलताना तिने एकच वाक्य मनात घोळवलं होतं. दारातून आत जायचं, सुनेसमोर, नेरिससमोर उभं राहायचं, ते वाक्य बोलायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. बसायचं तिच्या मनातही नव्हतं.

वाढणारी बाई नवीन होती. तिने सुल्माला पर्यटकांतलीच समजून कोपऱ्यातल्या टेबलाकडे नेलं.

"एकट्याच ना? या दोघांबरोबर बसाल का? आज नाइलाज आहे."

टेबलाशी कोर्दोबाचं एक जोडपं बसलं होतं. ते कोर्दोबाचं आहे हे त्यांनी तोंड उघडताक्षणी त्यांच्या हेलावरून कळलं. नवरा जाडजूड होता आणि फुलाफुलांच्या कपाचा नाजूक कान त्याच्या बोटांत मावत नव्हता. बायकोने आपलं नाव ओल्गा असल्याचं विचारायच्या आतच सांगून टाकलं.

"सकाळी देवमासे पाहिले," ती म्हणाली, "आणि आता हा चहा. बहिणीने बजावलंय, इथे येऊन वसलेल्या वेल्श लोकांचा काळा केक खाल्ल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणून."

"आमच्याकडे यावेळी माणसं मांस भाजायला विस्तव पेटवतात," नवरा म्हणाला. "इथे बघा, कपबशा! किटलीला लोकरीचं टोपडंसुद्धा घातलंय. माझ्या आईने मला कधी एवढं गुंडाळलं नव्हतं."

"गप बस रे. तुम्ही इथल्याच का हो?"

"रॉसनची. बंदरावर राहते मी."

"मग सांगा तरी, आधी काय खायचं? ह्या माणसाने जाम आणि चीज एकाच पावावर फासलंय."

सुल्माने टेबलावर नजर फिरवली. लोण्याचा पाव, घरचे तीन मुरंबे, गरम स्कोन, सायीचा टार्ट आणि एका बाजूला काळ्या केकचे पातळ काप. गेल्या वर्षी याच दिवशी, मुलाच्या लग्नाला, ती या घरात बसली होती, तेव्हा नेरिसच्या आईने, मेगनने, तिला हाच क्रम समजावून सांगितला होता. सुल्मा तेव्हा हसली होती. खायला बसताना शिकवणी लागते का, असं मोठ्याने म्हणालीही होती.

"आधी पाव-लोणी," ती म्हणाली. "मग स्कोन. टार्ट त्यानंतर. काळा केक शेवटी, चहाच्या घोटाबरोबर. तो जड असतो."

"अगदी विटेसारखा दिसतो," नवरा म्हणाला.

"त्यात अक्रोड, मनुका, गडद साखर आणि रम असते. वर्षानुवर्षं टिकतो. लग्नातसुद्धा हाच करतात, थरांवर थर रचून. वरचा थर डब्यात बंद करून ठेवायचा आणि दर वर्षी लग्नाच्या वाढदिवशी दोघांनी त्यातला एकेक तुकडा खायचा."

आपण हे इतकं नीट सांगतो आहोत याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"आमच्या लग्नाचा केक माझ्या मेव्हण्यांनी दुपारीच संपवला," नवरा म्हणाला.

ओल्गा मात्र हसली नाही. तिने केकचा काप उजेडात धरून पाहिला.

"आणि दोघांतलं एक नसलं, तर?"

सुल्मा चमच्याने चहा ढवळत राहिली. चहात साखर घातलेली नव्हती.

"ते मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून नेरिस किटली घेऊन बाहेर आली. ती खूप वाळली होती. केस कानाच्या वर कापले होते आणि गळ्याची हाडं दिसत होती. टेबलांमधून वाट काढत ती कोपऱ्यापर्यंत आली, सुल्माला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. किटलीच्या तोटीतून चहाचे दोन थेंब टेबलावरच्या कापडावर पडले.

"दोन्या सुल्मा." सासूला ती नेहमी अशीच आदराने हाक मारायची.

"आज कोणती तारीख आहे, लक्षात आहे ना?"

नेरिसने किटली टेबलावर ठेवली.

"आत या," ती म्हणाली.

दोघींची शेवटची गाठ ऑगस्टमध्ये बंदरावरच्या चर्चमध्ये पडली होती. कोळंबीची बोट जुलैमध्ये बुडाली. तिघांना समुद्राने परत दिलं. सुल्माच्या मुलाला, लिसान्द्रोला, आणि बोटीवरच्या स्वयंपाक्याला दिलं नाही. महिनाभर वाट पाहून प्रार्थना ठेवली. प्रार्थना संपल्यावर सगळे दारात उभे असताना सुल्मा बोलून गेली होती की ती खेप माझ्या मुलाला करायची नव्हती, पण या बाईच्या चहाघराला नवी भट्टी हवी होती. तिथल्या प्रत्येकाने ते ऐकलं. नेरिस तडक गाडीत जाऊन बसली. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. कोळंबी सोलायच्या कारखान्यात शेजारच्या बायका सुनेची चौकशी करायच्या, तेव्हा सुल्मा हात आणखी भराभर चालवायची.

स्वयंपाकघरात भट्टीची ऊब होती. मेगन पिठाळ हातांनी स्कोन बाहेर काढत होती. सुल्माला पाहून तिने हात एप्रनला पुसले, मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हा ट्रे मीच नेते," ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन बाहेर गेली.

सुल्मा टेबलाला टेकून उभी राहिली. दोन बसमध्ये घोळवलेलं वाक्य आता तिने बोलून टाकलं.

"त्या केकचा अर्धा वाटा माझ्या मुलाचा आहे. तो न्यायला आलेय मी."

नेरिसने मान वर केली नाही.

"कुठे नेणार?"

"धक्क्यावर. त्याला ना थडगं, ना दगड. बायका फुलं टाकतात पाण्यात. फुलं! तो काय फुलांचा भुकेला होता?" सुल्माचा आवाज चढला तसा तिने तो आवरला. "मला ठाऊक आहे, त्याला हा केक आवडायचा नाही. मला म्हणायचा, 'म्हातारे, एक घास चहाबरोबर गिळतो मी तिथे, मान राखायला. बाकी घशाखाली उतरत नाही. तू आपलं मला कोळंबीचं कालवण वाढ.' आवडायचा नाही, पण आहे तो त्याचाच. त्याच्या वाट्याचं दुसऱ्या कुणी खाऊ नये."

नेरिसचे ओठ हलले. तिने खुर्ची ओढली, तिच्यावर चढून फडताळावरचा निळा पत्र्याचा डबा उतरवला आणि टेबलावर ठेवला. झाकणाभोवती चिकटपट्टी होती.

"लग्नानंतर मी हा उघडलेला नाही," ती म्हणाली. "आज पहाटे खाली काढला होता. पुन्हा वर ठेवला."

"का?"

"एकटीने कसा कापायचा ते मला कुणी सांगितलं नाही."

सुल्माने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पट्टी सहज निघाली. झाकण उघडल्यावर रमचा आणि साखरेचा दाट वास वर आला. नेरिसने फडक्याचे पदर एकेक करून बाजूला केले, त्याखालचा लोणी-कागद उलगडला. केक जसाच्या तसा होता. काळा, गोल, चकाकता. मधोमध साखरेचं छोटं पांढरं पान अजून चिकटलेलं होतं.

तिने सुरी उचलली. नेम धरल्यासारखी बराच वेळ ती केकवर धरली आणि मग दाबली. जड केकमध्ये सुरी रुतायला हवी होती. ती भसकन खाली गेली आणि डब्याच्या तळावर खण्ण वाजली.

दोघी दचकल्या.

नेरिसने सुरी काढली. दोन्ही हात डब्यात घालून केक अलगद उचलायला गेली, तर वरचा पापुद्रा झाकणासारखा तिच्या हातात आला. आत केक नव्हता. मागच्या बाजूने कुणीतरी तो पोखरत नेला होता आणि वरचं छत कोसळू नये म्हणून पोकळीत लोणी-कागदाचे बोळे नीट ठासून भरले होते. पुढच्या बाजूला तेवढी एक चंद्रकोर शिल्लक होती.

"उंदीर," नेरिस पुटपुटली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "देवा, उंदरांनी..."

"उंदीर कागदाचे बोळे भरत नाहीत, मुली."

सुल्मा पुढे झाली. डोळे बारीक करून तिने कापलेल्या कडा पाहिल्या, बोट फिरवून पाहिलं. एकापाठोपाठ एक, सरळ, पातळ काप. जाळं दुरुस्त करायच्या सुरीला अशी धार असते. तिने हळूच खुर्ची ओढली आणि बसली.

"नऊ वर्षांचा होता तो," ती म्हणाली. "बहिणीच्या वाढदिवसाला मी बिहीच्या मुरंब्याचा टार्ट केला होता. वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी घालतात ना, तसा. पाहुण्यांसमोर कापायला घेतला, तर जाळी तशीच्या तशी आणि खाली नुसतं ताट. बाजूने चमचा घालून सगळा मुरंबा खाल्ला होता पोराने. एक पट्टी मोडू दिली नव्हती."

नेरिस ऐकत होती. हातातलं केकचं झाकण खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

"दुसरं कुणी नाही," सुल्मा म्हणाली. "तोच."

भट्टीत काहीतरी तडकलं. बाहेरून हसण्याचा मोठा आवाज आला. बहुधा तो कोर्दोबाचा नवरा असावा.

सुल्मा त्या पोकळीकडे पाहत होती. नोव्हेंबरातल्या लग्नापासून जुलैपर्यंत. एवढा केक. मान राखायला कुणी एवढं खात नाही. रविवारी तो तिच्याकडे यायचा, पायातले बूट दारातच काढायचा, पातेल्यात डोकावायचा आणि तिथल्या गोडमिट्ट खाण्याला नावं ठेवायचा. ती कालवण वाढायची आणि मनातून सुखावायची की काही झालं तरी पोरगा आपलाच आहे.

"मला म्हणायचा, घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली.

नेरिसने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल."

"खोटारडा!" सुल्मा म्हणाली. नऊ वर्षांच्या मुलाला म्हणावं तसं म्हणाली. मग तिने तोंडावर हात धरला.

"त्याचा वाटा त्याने खाल्ला," ती बोटांच्या आडून म्हणाली.

"माझाही," नेरिस म्हणाली.

आणि एकाएकी ती भट्टीला पाठ लावून खाली जमिनीवर बसली. तिचे खांदे हलायला लागले. ती हसते आहे की रडते आहे ते सुल्माला कळेना. सुल्मा उठून वाकली, नेरिसची हनुवटी वर करून पाहिलं, तरीही कळेना. मग तिनेही गुडघ्यांवर हात टेकून कण्हत कण्हत तिच्याशेजारी फरशीवर बैठक मारली.

मेगन दार किलकिलं करून डोकावली आणि आवाज न करता परत गेली.

"कधी खात असेल?" सुल्माने विचारलं.

"पहाटे. बोटीवर जायचं असलं की चारला उठायचा. मी झोपलेली असायचे. मला म्हणायचा, तू उठू नकोस, मी माझं काहीतरी खाऊन जातो."

"काहीतरी!"

"मी विचारायचे, काय खाल्लंस? म्हणायचा, पाव."

सुल्माने मान हलवली. नेरिसने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं, उठली आणि डब्यातली चंद्रकोर काढून एका बशीत ठेवली. बशी सुल्मासमोर धरली.

"हा न्या धक्क्यावर. उरलाय तेवढा."

"कशाला?" सुल्मा म्हणाली. "समुद्राला पुष्कळ दिलं. हा तुझा आहे. तू खा."

"तुम्हीही घ्या."

नेरिसने सुरीने तुकडा कापून तिच्या हातावर ठेवला तेव्हा सुल्माने हात मागे घेतला नाही. तिने तो तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली. नेरिस उभ्यानेच खात होती.

"त्या दिवशी चर्चमध्ये..." सुल्माने सुरुवात केली.

"त्याला ती खेप करायचीच होती," नेरिस म्हणाली. "भट्टी मी मागितली नव्हती. पण मी नको जाऊस असंही म्हटलं नाही. रोज रात्री तेवढंच आठवतं."

सुल्माने फरशीवरच्या पिठात बोटाने एक रेघ ओढली, मग तळव्याने ती पुसून टाकली.

"तू म्हटलं असतंस तरी गेला असता," ती म्हणाली. "मी वीस वर्षं म्हणत होते."

बाहेर बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. खुर्च्या सरकल्या, माणसांचे आवाज अंगणाकडे गेले. ओल्गाचा आवाज सगळ्यांत वरचढ होता. रॉसनच्या त्या बाईंना आमचा नमस्कार सांगा, असं ती कुणाला तरी सांगत होती. मग दार वाऱ्याने आपटलं आणि चहाघर शांत झालं.

"आणखी काय काय खोटं बोलायचा तो माझ्याशी?" सुल्माने विचारलं.

नेरिसने डोळे पुसले. ती विचारात पडली.

"बरंच," ती म्हणाली. "सगळं सांगू?"

"एकदम नको. थोडं थोडं सांग."

नेरिसने किटलीत ताजा चहा टाकला, उकळतं पाणी ओतलं आणि दोन कप मांडले. सुल्मा टेबलाच्या कडेला धरून उठली. आल्यापासून तिच्या अंगावर तसाच असलेला जाड कोट तिने काढला, आणि तो कुठे अडकवावा म्हणून भिंतीवर खुंटी शोधू लागली.