वाढत्या अंगाचा पोहायचा ड्रेस

मस्कतहून येताना मी माझ्या लेकीसाठी पोहायचा ड्रेस आणला, तो दुसरीच्या लेकीच्या मापाचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी शहाणी म्हणायला नको.

लुलू म्हणजे मी मस्कतला जिच्या घरी कामाला आहे त्या मॅडमची मुलगी. तिचं आणि माझ्या मेजुमाचं वय एकच, अकरा. चार वर्षं झाली, लुलूची वेणी मी घालते, डबा मी भरते, ताप आला की उशाशी मीच बसते. आमच्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेल्या सगळ्याच बायका असं करतात. आपल्या पोरीला काही घ्यायचं झालं की मालकिणीच्या पोरीच्या अंगाला लावून बघायचं. दुसरं करणार काय? फोनवर पोरीचं तोंड दिसतं, अंग थोडंच दिसतं!

माझी पोरगी जिच्याकडे असते त्या धाकट्या बहिणीने, सौमूने, फोनवर सांगितलं की मेजुमा शनिवारच्या पोहण्याच्या वर्गाला जायला लागलीये. रेहेमा नावाची बाई गावातल्या कोळ्यांच्या पोरींना समुद्रात पोहायला शिकवते. हे ऐकलं आणि मला कोण आनंद झाला! लुलूला घेऊन दुकानात गेले, तिच्या अंगावर ड्रेस चढवून बघितला. अंगभर, लांब बाह्यांचा, निळाशार, कमरेला झालर आणि छातीवर चमकी. लुलू म्हणाली, “मलाही असाच हवा.” म्हटलं, हा माझ्या मेजुमाचा.

दोन वर्षांनी घरात पाऊल टाकलं, तर पोरगी दारात येऊन मला काय म्हणाली? “बसा. पाणी आणू?” बसा! नऊ महिने पोटात वाढवली, आणि मला म्हणते बसा. मी बसले. पाणी प्यायले. पोरीचा काय दोष? पाहुण्यासारखी येते तिला पाहुण्यासारखंच वागवणार.

ड्रेस बघून “छान आहे” म्हणाली आणि घडी घालून ठेवला. शनिवारी घातला, तेव्हा माझं तोंड उतरलं. लुलू चीज खाऊन गुटगुटीत झालेली, आणि माझी ही शेवग्याची शेंग. लांबीला आखूड, आणि रुंदीला दोघी मावतील एवढा. मेजुमा म्हणाली, “चालेल.” माझं मन राखायला म्हणाली, हे मला कळत होतं. तरी मी वेडी तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेले, मिरवत.

रेहेमाबाईंनी तिला पाण्याच्या कडेलाच अडवली. “हे घालून आत नाही जायचं. यात घागरभर पाणी भरेल. आणि निळ्या पाण्यात निळी पोरगी मी शोधू कशी? त्यात ती झालर कुठे प्रवाळात अडकली म्हणजे?”

मेजुमाने पिशवीतून जुना ड्रेस काढला. सौमूने कधीतरी बाजारातून आणलेला, ढोपरावर ठिगळ, बाह्या कोपरापर्यंत वर आलेल्या. म्हणजे तो तिने बरोबर घेतलाच होता. माझा ड्रेस फक्त किनाऱ्यापर्यंत घालून यायचा, मला बरं वाटावं म्हणून, असं तिचं घरूनच ठरलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेहेमाबाई म्हणाल्या, “हाही संपला आता. पुढच्या शनिवारी जरा खोल जायचंय. अंगाबरोबर बसणारा आणा.”

मंगळवारी आम्ही तिघी उकुंडाच्या बाजारात गेलो. तिथे कादझो म्हणून एक जाडजूड बाई बसते. परदेशातल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडून त्यातले पोहायचे कपडे वेगळे काढून विकते. तोंडाने फटकळ, पण नजर पक्की. एकेक कपडा उजेडासमोर धरून ताणायची. ताणल्यावर आरपार दिसला की बाजूला फेकायची. “याचं रबर मेलं. पाण्यात गेला की लोंबेल.”

मग मला विचारलं, “हिला शिवण कुठे टोचते?”

मी ताडकन सांगितलं, “काखेत. आणि मानेला लेबल अजिबात चालत नाही, लगेच पुरळ उठतं.”

मेजुमा माझ्याकडे बघायला लागली. “मला नाही उठत पुरळ.”

“मग कोणाला उठतं?” कादझो म्हणाली.

पुरळ लुलूला उठतं. तिच्या अंगाचा तीळ न् तीळ मला पाठ, आणि पोटच्या पोरीच्या अंगाची मला काही खबर नाही. जळो माझं आईपण! सौमूच हळूच म्हणाली, “हिला गळ्याशी घट्ट चालत नाही. जीव घाबरतो तिचा.”

“हां, असं सांगा,” कादझो म्हणाली आणि ढीग उपसायला लागली.

तेवढ्यात मेजुमाने स्वतःच एक शोधून काढला. नारिंगी, अंगभर, खाली तंग विजार. रंग झकास, पण माप? कादझो हसत सुटली. “अगं बाई, यात तुझ्याबरोबर एक बकरीसुद्धा मावेल!”

“वाढत्या अंगाचा हवाय मला,” मेजुमा म्हणाली.

“किती वाढणार आहेस?”

“दोन वर्षांचं. आई दोन वर्षांनी येते ना. तोवर पुरायला हवा.”

टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. पोरीने साधा हिशेब सांगितला. तिचं सगळंच तसं होतं. बुटांच्या पुढे चिंध्या कोंबलेल्या, फ्रॉकला खालून तीन तीन दुमडी. मीच पाठवलेलं सगळं, मोठं मोठं बघून, की पुढे पुरेल. पोरगी कायम पुढच्या मेजुमाचे कपडे घालून हिंडत होती.

कादझोने तो नारिंगी तिच्या हातातून काढून घेतला. “फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, बूट चालतात. पाण्यातला कपडा आजच्याच अंगाचा लागतो, पोरी. सैल असला की पाणी आत शिरतं आणि खाली ओढतं. सहा महिन्यांनी आखूड होईल, तेव्हा दुसरा घ्यायचा.”

“तेव्हा कोण घेणार?”

“मी घेईन की,” सौमू म्हणाली.

“तुला तुझी तीन आहेत, मावशी.”

आणि मी, मी दीडशहाणी, मध्येच म्हणाले, “मी घेईन. आखूड झाला की मी घेईन. मी आहे ना!”

सौमूने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. पुढच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली, तेव्हाच मॅडमने मला रजा दिली होती. तिकीट बारा तारखेचं, पेटीत तळाशी ठेवलेलं. मेजुमाला शेवटच्या दिवशी सांगू, असं आम्ही ठरवलं होतं.

“म्हणजे तुम्ही जाणार नाही?” मेजुमाने विचारलं.

मी म्हटलं, “आधी घालून तर बघ.”

पोरांना एवढं पुरतं. तेच तिने उत्तर धरलं. उड्या मारायला लागली आणि त्याच नारिंगी रंगाचा, बरोबर मापाचा एक ढिगातून तिनेच ओढून काढला. मी आणि सौमूने दोन बाजूंनी लेसोचं कापड धरलं, तिने आडोशाला घरच्या कपड्यांवरूनच तो चढवला. कादझोने तिला उकिडवं बसवलं, उभं केलं, हात वर करायला लावले, वाकायला लावलं. सदरा वर सरकत नव्हता, त्याला आतून विजारीशी बांधायचे बंद होते. मनगटाशी कादझोचं एक बोट जात होतं, दोन जात नव्हती. गळा मोकळा. “टोचतं कुठे?” नाही. “श्वास?” मेजुमाने छाती भरून श्वास घेऊन दाखवला. “आता घरी गेल्यावर साबण चोळू नकोस,” कादझोने बजावलं, “गोड्या पाण्यात बुचकळ आणि सावलीत टाक. उन्हात टाकलास तर महिन्यात मरेल.”

परतताना भाड्याच्या मटाटू गाडीत चढल्याबरोबर ती माझा हात ओढून म्हणाली, “आई, तू खिडकीशी बस.” तू म्हणाली. आल्यापासून मी ‘तुम्ही’ होते. सौमू पुढच्या सीटवर बसली होती, तिने मागे वळून बघितलं नाही.

शनिवारी भरतीला ती पाण्यात उतरली. पंधरा पोरींत माझी कुठली हे विचारावं लागलं नाही, नारिंगी ठिपका लांबूनही दिसत होता. पाय नुसते मासोळीसारखे चालत होते. मधेच उताणी होऊन ओरडली, “आई, बघ! बघतेयस ना?” मी गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होते, “बघतेय गं, बघतेय!” बाकीच्या बायका हसत होत्या माझ्यावर. हसोत. माझ्या आयुष्यात तेवढा एक शनिवार जमा आहे.

घरी येताना सौमू मला बाजूला घेऊन म्हणाली, “आज सांग तिला.”

“उद्या सांगते.”

“तू सांगणार नाहीस. तुला मी लहानपणापासून ओळखते. कठीण काम आलं की तू पाणी आणायला जायचीस.”

मी चिडले तिच्यावर, नाही नाही ते बोलले. तुझं काय जातंय सांगायला, म्हटलं, तुझी पोरं तुझ्या मांडीवर आहेत. आणि खरी तीच ठरली. उद्या उद्या करत बारा तारीख आली. मेजुमा सकाळी शाळेला गेली, जाताना मला म्हणाली, “संध्याकाळी माशाचं कालवण कर, नारळ घालून.” मी हो म्हटलं. आणि दहा वाजता पेटी उचलून निघाले. सौमूच्या पायाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. म्हटलं, तू सांग गं. मला नाही जमत.

सौमूने काय सांगितलं, मी विचारलं नाही. महिनाभर पोरगी फोनवर आली नाही. मी लुलूची वेणी घालताना रडायचे, तर लुलू विचारायची, कांदा कापलास का. मग एक दिवस मेजुमा आपणहून फोनवर आली. रागावलेली नाही, रुसलेली नाही. मला म्हणाली, “आई, आज मी मक्याच्या पिठाची सिमा दोनदा मागून खाल्ली.” मला केवढा धीर आला! म्हटलं, लेकरू निवळलं. मग दर वेळी तेच. आज दूध प्यायले. आज मावशीच्या वाट्याचा मासा मावशीने मला दिला. आज घाटी चढून शाळेला गेले, त्याने पाय लांब होतात. मी आपली म्हणायचे, शहाणी माझी बाय ती! माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

काल फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते. समोर मेजुमा, तोच नारिंगी ड्रेस घालून. फोन सौमूच्या हातात असावा, कारण पोरगी डोक्यापासून पायापर्यंत दिसत होती. बाह्या मनगटाच्या खूप वर. आतले बंद ताणून खांदे खाली ओढलेले, गळ्याशी लाल वळ. गळ्याशी घट्ट तिला चालत नाही. पण नुसती हसत होती, हसू तोंडात मावत नव्हतं.

“आई, आखूड झाला! बघ ना! कादझोबाई म्हणाल्या होत्या सहा महिने, मी पाचांतच केला!”

फोन थोडा हलला. सौमू रडत असावी.

“काढ तो आधी,” मी म्हटलं, “वळ उठलेत. मावशी दुसरा घेईल.”

“नाही, मावशी नाही. तू म्हणालीस ना, आखूड झाला की मी घेईन. मी कोणाला घेऊ दिला नाही.”

करार अजून एकोणीस महिन्यांचा आहे. ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि निघालं काय तर, “केवढी वाढलीस गं!”

“मग!” ती म्हणाली. “रोज वाढतेय मी. आता तू तिकीट काढ.”