न पाहिलेलं डोकं

सुनेच्या रुमालाला आतून डाग होता. तपकिरी, नखाएवढा, कानामागं येतो त्या जागी. मी धुणं धूत होते. साबण लावला, दोनदा घासला आणि हात थांबला. असाच डाग गेल्या महिन्यातही निघाला होता आणि मी खुळी तो चहाचा समजले होते.

"बेगायिम, इकडं ये. डोक्याचा रुमाल सोड."

"काही नाही एने, कंगवा लागलाय." आमच्यात आईला आणि सासूलाही एनेच म्हणतात.

"दर महिन्याला एकाच जागी लागतो का गं तुझा कंगवा? सोड म्हणते ना."

सोडला तिनं. कानामागं, केसांच्या कडेला मसुराएवढं लाल, वर खपली धरलेलं.

चार वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. माझं जुळलं, तुर्कस्तानात जाऊन मी एक दिलं. शेजारणी म्हणाल्या, सासू सुनेला बोल लावते, ही बया मूत्रपिंड देतेय. ते टिकावं म्हणून ती रोज गोळ्या घेते. त्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते. तिथल्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, हिला कातडीचा कॅन्सर इतरांपेक्षा लवकर होऊ शकतो, दर वर्षी डोक्यापासून पायापर्यंत बघून घ्या.

एक वर्षही आम्ही चुकवलं नाही. आमच्या जिल्ह्याच्या गावी, नारिनला, कातडीचा डॉक्टर एकच, आणि तो माझा थोरला मुलगा, कुबात. बेगायिम धाकट्याची बायको. पडद्याआड नर्स अंग बघायची, हात आणि चेहरा तो बघायचा. डोकं मात्र राहायचं. आमच्यात थोरल्या दिरासमोर सून डोकं उघडं करत नाही, त्याचं नावसुद्धा घेत नाही. उलट त्याच्या खोलीत शिरताना बेगायिम रुमालाची गाठ आणखी आवळायची. मी शेजारी बसून मनात फुलायचे, बघा म्हणायचे, माझी सून कशी वळणाची. नर्सला वाटायचं, डोकं डॉक्टर बघतील. रुमाल काढ म्हणायला डॉक्टरची जीभ उचलायची नाही.

"ऊठ. कुबातकडं जायचंय."

"त्यांच्यासमोर नाही हो एने. बिश्केकला, राजधानीला जाऊ, परक्या डॉक्टरकडं."

"तिथं नंबर लागायला महिना जातो. महिना आहे का आपल्याकडं?"

ती उठली. गाडीत तासभर तिनं रुमालाचं टोक मुठीत धरलं होतं.

कुबातनं नेहमीसारखं खाली बघत विचारलं, "तपासणीला अजून चार महिने आहेत ना?"

"हिच्या डोक्याला काहीतरी झालंय. बघ."

बेगायिम हलेना. कुबात टेबलावरचं पेन इकडचं तिकडं करायला लागला. एवढा शिकलेला डॉक्टर आणि कानाच्या पाळ्या लालभडक. मला असा संताप आला म्हणून सांगू. मी माझा पांढरा रुमाल काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. आमच्यात बाई डोकं उघडं टाकते ती मयताच्या घरी.

तो ताडकन उठला. "एने, हे काय? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. तू असाच खाली बघत बसलास तर जाईल."

बेगायिमनं माझ्या पिकल्या केसांकडं पाहिलं. मग तिचे हात गाठीकडं गेले. गाठ सुटेना. शेवटी मी सोडवली.

कुबातनं भिंग लावलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग कानाखाली, मानेवर बोटं दाबत दाबत खाली आला. एका ठिकाणी थांबला. पुन्हा तिथंच दाबलं.

"हे कानामागचं कधीपासून?"

"मागच्या तपासणीला होतं," ती म्हणाली. "तेव्हा तिळाएवढं होतं. सांगायची लाज वाटली."

कुबात खुर्चीत बसला. "मानेत गाठ लागतेय. नुसती सूज असेल, नाहीतर ते पसरलं असेल. आज तुकडा काढून तपासायला पाठवतो. उद्या बिश्केकला माझ्या ओळखीनं दाखल करू, मी स्वतः नेतो." मग त्यानं तिची फाईल ओढली. मागच्या तीन वर्षांच्या पानांवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, डोके ते पाय, काही आढळले नाही. प्रत्येक पानावर त्यानं खाली लिहिलं, डोके पाहिले नव्हते. आणि सही केली.

"मागच्या वर्षी बघितलं असतं," तो हळू म्हणाला, "तर इथंच दहा मिनिटांत काढून टाकलं असतं."

"तुमची काय चूक," बेगायिम म्हणाली. त्याच्याशी ती पहिल्यांदाच मान वर करून बोलत होती. "रुमाल मीच आवळून बांधायचे."

मला राहवलं नाही. "तुला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तो आवळून बांधायला मी शिकवलं होतं," मी म्हणाले.