दुसऱ्याच्या फाइलीत हात

मैना गांगुर्डे रोज सकाळी साडेसहाला स्टुडिओ उघडायची. झाडायला नाही, अगरबत्ती लावायला नाही. तिला हाताखालच्या माणसांच्या फाइली उघडायच्या असायच्या.

स्टुडिओ म्हणजे जेलरोडला मिठाईच्या दुकानावरचा एक गाळा. माणसं तीन: कोड लिहिणारा सनी, डिझाइन करणारी संजना आणि मालकीण मैना. त्याआधी नऊ वर्षं ती एकटीच लोकांच्या वेबसाइट बनवायची. शिकली ती कुठल्या कोर्सला जाऊन नाही. सायबर कॅफेत बसून दुसऱ्यांच्या साइट उसवून बघायची, शिंपी जुना ब्लाउज उसवतो तशी. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाच्या हातावर भरवसा ठेवायचीही सवय लागली नाही.

नातेवाईक म्हणायचे, "आता काय बाबा, तुझ्या हाताखाली माणसं!" हाताखालची माणसं डोक्यावर बसलेली असतात, हे त्यांना कोण सांगणार? दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन, "लोगो जरा मोठा करा", गाळेवाल्याची कटकट, सनीची रजा. ज्या कामासाठी हा सगळा उपद्व्याप मांडला, ते डिझाइन करायला तिला दिवसात दहा मिनिटं मिळायची नाहीत. मग ती ते सकाळी चोरायची. संजनाने संध्याकाळी संपवलेल्या पानात शिरायची. अक्षर मोठं कर, रंग फिका कर, फोटो बदल. आणि सांगायची नाही.

पहिल्या महिन्यात संजनाने एकदा विचारलं होतं, "मॅडम, हे मी केलं होतं का?"

"थोडं नीट केलं गं."

त्यानंतर संजनाने विचारणं सोडलं. संजनाच्या आधी दोघी अशाच विचारणं सोडून मग नोकरी सोडून गेल्या होत्या. एकीने लग्न ठरलं म्हणून सांगितलं. ते अजून ठरतंच आहे. संजनासारखा हात परत मिळणार नाही, हे मैनाला पक्कं ठाऊक होतं. ती गेली की गाळ्याला कुलूप, आणि मैना पुन्हा घरच्या ओट्याशेजारी लॅपटॉप मांडून एकटी.

एवढं ठाऊक असूनही सोमवारी सकाळी तिने जे करायचं तेच केलं.

काम पिंपळगाव बसवंतच्या निवृत्तीअण्णांचं होतं. अण्णांचं द्राक्षांचं पॅकहाऊस, माल परदेशी जाणारा. संजना तिथे दोनदा जाऊन दिवसदिवस बसली होती. साइट उघडली की पहिला फोटो कुसाबाईचा: डोक्याला टोपी, हातात बारीक कात्री, घड उजेडाकडे धरून डागी मणी शोधणारी. खाली लिहिलेलं, ‘कुसाबाई. प्रतवारी. अकरावा हंगाम.’ संजनाने तिला विचारून फोटो काढला होता आणि शब्द दिला होता की अण्णांच्या साइटवर आधी तुम्हीच दिसाल.

मैना त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसली. मग तो काढला. त्या जागी विकतचा एक फोटो डकवला: हिरवी टेकडी, गवती हॅट घातलेली गोरी बाई, हातात द्राक्षं, तोंडभर हसू. हे प्रोफेशनल दिसतं, असं तिने स्वतःला समजावलं. संजना त्या दिवशी वणीला देवदर्शनाला गेली होती. सनीने साइट चालू करून टाकली.

मंगळवारी संजनाने कॉम्प्युटर उघडायच्या आतच मैना आणि ती स्कूटीवरून अण्णांना साइट दाखवायला निघाल्या. ओझर येईपर्यंत सांगून टाकू, असं मैनाने ठरवलं होतं. ओझर आलं आणि गेलं.

पॅकहाऊसमध्ये जेवणाची सुट्टी होती. अण्णांच्या ऑफिसात भिंतीवर मोठा टीव्ही. दारात आठ-दहा बाया टोप्यांसकट दाटीवाटीने उभ्या, पुढे कुसाबाई.

"या गं, बघा तुमची फिल्लम," अण्णा म्हणाले.

टीव्हीवर हॅटवाली आली.

"ही कोन भवानी?" कुसाबाई म्हणाली.

बायांत हसू फुटलं. एकजण म्हणाली, "अगं हिच्या बागंला मांडव कुठाय? वेल हायेत का वांग्याची झुडपं?"

"कात्री पन नाय हातात. घड काय दातानं तोडती का?"

"हसायला सवड हाय तिला. मुकादम नसंल वरती!"

अण्णासुद्धा पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर कुसाबाई संजनाकडे वळली. आवाज एकदम खाली.

"पोरी, आमी कुठं हाय गं?"

संजनाने टीव्हीकडे बघितलं, मग मैनाकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. हे असंच असतं, हे शिकून झालेल्या माणसाची नजर होती ती.

"मावशी, माझ्याकडून राहिलं," संजना म्हणाली. "चुकलं माझं."

"राहू द्या हो," अण्णा म्हणाले. "हेच झकास आहे. बाहेरच्या पार्टीला असलंच लागतं. आमच्या बायांचं काय, त्या रोज दिसतातच."

झालं. गिऱ्हाईक खूश, चूक दुसरीने अंगावर घेतलेली, मैनाने नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात ती आता चांगली तरबेज झाली होती.

पण दारातल्या त्या टोप्या तिला बघवेनात. तिची आई, आक्काबाई, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बागांत मांडवाखाली मान वर करून घडातले जास्तीचे मणी कात्रीने विरळत होती. ती मान कायमची गेली. त्याच मजुरीवर मैना सायबर कॅफेत बसली होती. आणि कुसाबाईचा हात बघून तिला वाटलं काय, तर हे प्रोफेशनल नाही! आपल्याच आईला दारात उभं करून हॅटवालीला पाट मांडला. लाज वाटायला हवी होती ती सोमवारीच. वाटली आत्ता, दहा जणींसमोर.

"मावशी," ती म्हणाली, "संजनाचं काही चुकलेलं नाही. तिने तुमचाच फोटो लावला होता. मी काढला. तिला न विचारता."

संजना खाली फरशीकडे बघत राहिली.

"मॅडम, कशाला वाढवता?" अण्णा म्हणाले. "मला हाच पसंत आहे."

"अण्णा, ही बाग तुमची नाही, बाई तुमची नाही. उद्या तुमची पार्टी माल बघायला इथं आली, तर ही टेकडी कुठून आणून दाखवणार?"

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "बघू. कळवतो."

सुट्टी संपल्याची बेल झाली. जाताना कुसाबाई म्हणाली, "लावला तर लावा बाई. नाय लावला तरी काम हायेच आमाला."

येताना दोघी आडगावच्या अलीकडे चहाला थांबल्या. हायवेवरून क्रेट भरलेले टेम्पो धडधडत चालले होते.

"माझी चूक स्वतःवर का घेतलीस?" मैनाने विचारलं.

"सवयीने. तिसरी नोकरी आहे ही." संजनाने चहावर फुंकर मारली. "मॅडम, मला दुसरीकडून बोलावणं आलंय. उद्या कळवायचंय."

मैनाला हे येणार हे माहीत होतं.

"एक खरं सांगा," संजना म्हणाली. "फोटो वाईट होता का?"

"नाही. चांगला होता. मला हात लावायला त्यात काही उरलंच नव्हतं. म्हणून काढला."

संजना हसली, पण गोड नाही. "भारी आहे हे. वाईट केलं की बदलणार, चांगलं केलं की काढून टाकणार. मग मला ठेवलंय कशाला?"

स्टुडिओ चालवणं म्हणजे आपल्यावाचून काम नीट होतंय हे रोज बघणं, आणि त्याचाच तिला जीव जाईस्तोवर वैताग होता. हे चहाच्या टपरीवर कसं सांगायचं?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अण्णा. मैनाने वाजू दिला, मग संजनापुढे धरला.

"मी काय बोलू?"

"तुझं काम आहे. तू ठरव."

संजनाने कप खाली ठेवला. मग फोन कानाला लावला. "अण्णा, संजना बोलतेय... हो, फोटो कुसाबाईंचाच. नावासकट... नाही अण्णा, नाव राहील... तुमचा पण? शेजारी?"

मैनाने कान टवकारले.

"फेटा बांधून? चालेल की. गुलाबी? बांधा ना, गुलाबी बांधा."

पानाची वाट लागणार होती. कुसाबाईच्या त्या शांत फोटोशेजारी गुलाबी फेट्यातले अण्णा! मैनाने तोंड उघडलं. संजना फोन कानाला धरून सरळ तिच्याकडेच बघत होती, वाट बघत असल्यासारखी. मैनाने बशीतली खारी उचलली आणि तोंडात कोंबली.

"शुक्रवारी येते मग फोटो काढायला," संजना म्हणाली. "हो, मीच येते."

तिने फोन परत दिला. कळवायचं उद्या होतं आणि ही शुक्रवारचं बोलत होती. मैनाने विचारलं नाही. ती खारी चावत राहिली, आणि गुलाबी नको, निदान केशरी, हे शब्द चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकले.