हळू वाजणारं पॅड

मुलांनो, थोडा वेळ असं समजा, की तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जेवता येतं, लिहिता येतं, सदऱ्याची बटणं लावता येतात. पण फळीवरचा डबा काढायला गेलात की हात अर्ध्यावर थांबतो आणि खांद्यात कळ येते. आता असंही समजा, की तुम्हाला मनापासून आवडणारी गोष्ट एकच, ढोल वाजवणं. आणि ढोलाचा मोठा ठोका द्यायचा, तर काठी वर उचलावीच लागते. मग तुम्ही काय कराल?

नवापूरच्या महादूचं नेमकं असंच झालं होतं. त्याचं निम्मं आयुष्य समुद्रातून जाळी ओढण्यात गेलं आणि निम्मं गळ्यात ढोल अडकवून नाचणाऱ्यांपुढे चालण्यात. खांदा झिजला. आता ढोल बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. महादू वाद घालणारा नव्हता. घरी आला, ढोल माळ्यावर चढवायला दुसऱ्याला सांगितलं आणि ओट्यावर बसून राहिला.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा तो काळ. महादूचा मेहुणा एकनाथ लग्नांत वाजवणाऱ्या गावच्या बँजो-पार्टीत बँजो वाजवायचा. त्याला बातमी लागली, की बोईसरच्या प्रतापने कॉम्प्युटर घेतलाय आणि त्यावर तो गाणी जुळवतो. त्या कॉम्प्युटरला एक पॅड जोडता येतं. पाटासारखं सपाट, वर रबराचे चौकोन. चौकोनावर काठी पडली की स्पीकरमधून ढोल वाजतो. गळ्यात ओझं नको, खुर्चीत बसून वाजवायचं. प्रताप आपला कॉम्प्युटर घेऊन पार्टीबरोबर यायला तयार होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्याने दोन पॅडं बघायला आणली होती. एक ठेवायचं, दुसरं संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस घेऊन जाणार. पुढच्या आठवड्यात गावातल्या साखरबाईच्या मुलीची हळद होती. महादूला पॅड जमलं, तर ढोलाची जागा त्याची. नाही जमलं, तर मनोरचा एक वाजवणारा तयारच होता.

त्या दिवशी महादू पहाटे होडीवर गेला होता. तिथून घरी येऊन अंगावर पाणी घेतलं आणि न झोपताच दुपारी बोईसरला आला. बरोबर मेहुणा आणि मुलगी शकू. शकू सहावीत होती. प्रतापची खोली पत्र्याची, तापलेली. पंखा फिरत होता, पण वारा फक्त कॉम्प्युटरला लागेल असा ठेवलेला.

"याला गरम होतं ना," प्रताप म्हणाला.

"आमाला काय बर्फात ठेवलाय?" एकनाथ म्हणाला. "हळदीला याला टेम्पोतून न्यायचा. गोधडीत गुंडाळून. नवरीला कोण एवढं जपत नाय."

महादू हसला नाही. त्याने दोन्ही पॅडं अंगठ्याने दाबून पाहिली आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. "परताप, जरा उन्हात ठेवायचं काय? सैल लागतंय."

समुद्रकाठच्या दमट हवेत ढोलाचं कातडं सैल पडतं. वाजवण्याआधी ते उन्हात किंवा जाळावर तापवून घ्यावं लागतं. महादूच्या हाताला तीच सवय.

"दाजी, ते रबर हाय," एकनाथ म्हणाला. "तापवलंत तर बोटाला चिकटून घरी येल."

प्रतापने पहिलं पॅड जोडलं. त्याच्या प्रत्येक चौकोनाला लाल-हिरवा दिवा होता. महादूने दोन्ही काठ्या घेतल्या आणि नव्या ढोलाची पारख करतात तशी सुरुवात केली. म्हणजे एकदम नाचाचा ठेका, पूर्ण जोराचा. ढोल घेताना सगळे ढोलवाले हेच करतात. हळू वाजतो का, हे कुणी बघत नाही, कारण हळू वाजत नाही असा ढोलच नसतो. ते वाजवणाऱ्याच्या हातात असतं.

महादूचा हात छातीपर्यंतच उचलला गेला. पण स्पीकरमधून असा दणका निघाला, की खिडकीची काच थरथरली. त्याने पुन्हा मारलं, आणखी हलकं. तोच दणका. मग नुसती काठी टेकवली. तरी तोच.

"आयला!" एकनाथने मांडीवर थाप मारली. "दाजी, तुमी झोपून वाजवा आता."

महादूच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं. खांद्याला जराही त्रास न होता तो बराच वेळ वाजवत राहिला. "हेच ठेवू," तो म्हणाला. "दुसरं बघायला पण नको. मी जरा पडतो."

शकू इतका वेळ कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती. महादूच्या प्रत्येक ठोक्यासरशी तिथे एक उभी रेघ उमटत होती.

"परतापदादा, या सगळ्या सारख्याच उंच कशा?"

"बरोबर बघितलंस," प्रताप म्हणाला. "हे पॅड कॉम्प्युटरला एवढंच कळवतं, की ठोका पडला. किती जोरात पडला, ते त्याला कळत नाही. दुसऱ्याला कळतं. तिथे रेघा लहान-मोठ्या येतील."

शकू महादूकडे वळली. मग म्हणाली, "बा, रखमाआजी गाईल तवा?"

रखमाबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नातली परंपरेची गाणी, धवले, गाणारी बाई. हळद लावताना ती बसून गाते. वय झालेलं, आवाज बारीक. तिच्या गाण्याखाली ढोल बोटांनी वाजवल्यासारखा वाजवावा लागतो, आणि थांबवूनही चालत नाही. ठेका तुटला की तिची ओळ तुटते.

"तिला माईक देऊ," एकनाथ म्हणाला.

"माईकला घाबरते ती. मागल्या लग्नात त्याला पदराने झाकून ठेवलं होतं," शकू म्हणाली.

"मग परताप आवाज कमी करल. बटण हाय ना त्याला."

"करीन," प्रताप म्हणाला, "पण सगळेच ठोके सारखे कमी होतील. लहान-मोठा ठोका येणार नाही. काका, तुम्हीच वाजवून बघा."

त्याने आवाज उतरवला. शकू धवल्याची चाल गुणगुणू लागली आणि महादूने ठेका धरला. टक, टक, टक, टक. गिरणीच्या पट्ट्यासारखा. महादूची काठी एका ठोक्याला दबत होती, दुसऱ्याला नुसती शिवून जात होती, पण स्पीकरला त्याचं काही नव्हतं. दोन ओळी झाल्या आणि महादू आपणच थांबला.

"दुसरं जोड," तो म्हणाला.

दुसरं पॅड काळं, जुनं, दिवे नसलेलं. शकूने पुन्हा चाल धरली. या वेळी ठोके तिच्या आवाजाखाली आले. एखादा जवळजवळ ऐकूच येऊ नये असा, त्याच्यामागे जरा भरलेला. पडद्यावर लहान-मोठ्या रेघा येत होत्या. शकूची चाल संपली तरी महादू वाजवतच होता.

"आता नाचाचं," प्रताप हळूच म्हणाला.

महादूने हात उचलला. छातीपर्यंत आला, थांबला. काठी पडली तिथे मोठा ठोका हवा होता, आला मधलाच. त्याने दात आवळून पुन्हा उचलला. पुन्हा मधलाच. हळदीत शंभर माणसं अंगणात नाचायला उभी असतात. त्या ठोक्यावर कुणाचा पाय उचलला नसता.

"कॉम्प्युटरमध्ये थोडं वाढवता येईल," प्रताप म्हणाला. त्याने काहीतरी केलं. मोठा ठोका जरा मोठा झाला, पण धवल्याचे हळू ठोकेही त्याच्याबरोबर वर आले. त्याने पुन्हा खाली आणलं. "यापुढे मला येत नाही, काका. शिकतोय मी पण."

महादूने काठ्या पॅडवर ठेवल्या. डाव्या हाताने उजवा खांदा धरला. "मनोरवाल्याला सांग," तो एकनाथला म्हणाला. "रागाने नाय बोलत. दमलो रे. होडीवर दमतो, इथं पण दमायचं. पुरे."

"दाजी, असं काय..."

"जे हळू वाजतं, त्याच्यावर मोठा ठोका मला उचलत नाय. जे आपोआप मोठं वाजतं, ते ढोल नाय. काय करू?"

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. व्यापाऱ्याचा माणूस दारात उभा राहिला, घाम पुसत. "कौनसा वापस देना है, भाई? जल्दी करो, गाडी पकडनी है."

प्रतापने महादूकडे बघितलं. महादू जमिनीकडे बघत होता.

तेव्हा शकू उठली. तिने दिव्यांचं पॅड उचलून त्याच्या खोक्यात ठेवलं, वायर गुंडाळून वर ठेवली आणि खोकं त्या माणसाच्या हातात दिलं.

"अगं ए, कुणाला विचारलंस?" एकनाथ म्हणाला.

शकूने स्टूल ओढत महादूच्या उजव्या बाजूला आणलं आणि पॅडवरची एक काठी उचलली. "बा, हळूचे सगळे तू वाजव. मोठा कुठल्या चौकोनावर पडतो तेवढं दाखव."

महादूने तिच्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं, उरलेली काठी घेतली आणि नाचाचा ठेका सुरू केला, खालच्या अंगाने, हात न उचलता. शकूने काठी डोक्याच्या वर नेली आणि जोरात आपटली. ठोका मोठा आला, पण लवकर.

"थांब. माज्या हाताकडे बघू नको. ऐक," महादू म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला.

शकूने घामेजलेला तळवा फ्रॉकला पुसला आणि काठी पुन्हा वर उचलली.