कॅमेऱ्यात राहिलेली चंद्रिका

चंद्रिका वीटभट्टीवर वारल्याचं सांगायला लाहू चिखल्याला आमच्या वाडीत आला, तेव्हा तिला जाळून बरेच दिवस झाले होते. लाहू तिचा बाप, सायवनचा. त्याची बायको चंपा लग्न होऊन आल्यापासून आमच्या चिकूच्या वाडीत कामाला. चंद्रिका लहान असताना चिकूच्या ढिगाशेजारी गोणपाटावर झोपायची, आणि मी तिच्या अंगावरच्या मुंग्या झटकायची. ते गोणपाट अजून डोळ्यांसमोर आहे.

२०१६च्या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर, सुदामबरोबर, भिवंडीकडे भट्टीवर गेली. माघात ताप आला आणि गेली. प्रेत ठेवणार कुठे, म्हणून सुदामने तिथेच अग्नी दिला. आईबापांना कळलं ते नंतर.

चंपा रडलीच नाही. म्हणाली, "तोंड कुणी बघितलं? सुदामने. तो प्यायला की बकरीलापण बायको म्हणतो."

तिच्या माणसांत दिवस घातल्याशिवाय सुतक सुटत नाही, घरात लग्न होत नाही, नवं भात तोंडात घालता येत नाही. भाऊबंद लाहूच्या मागे लागले होते. पण पोरीच्या नावाचा घास आईनेही काढावा लागतो, आणि चंपा हटून बसली होती. तोंड बघितल्याशिवाय घास काढणार नाही. शेवटी भगताने तोड काढली : प्रेत नाही तर तांदळावर फोटो ठेवू, आईने फोटो बघावा आणि घास काढावा.

फोटो मात्र कुणाकडेच नव्हता. आधारकार्ड भट्टीवर हरवलं. झेरॉक्स होती, तिच्यावर चेहऱ्याच्या जागी शाईचा डाग.

"बाय, जत्रेत तू काढलेलास ना?" चंपा म्हणाली. ती मला तू म्हणते. त्यांच्यात देवालाही तूच म्हणतात.

खरंच काढला होता. आदल्या चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत, बांगड्यांच्या दुकानासमोर. उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं, म्हणून नुसतं बटण दाबलं होतं. कॅमेरा माझ्या यजमानांनी वापीहून आणलेला, खिशात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा. त्याआधी आमच्याकडे रोलचा होता. एक रोल गणपती ते गणपती पुरवायचा, मग डहाणूच्या स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि फोटो येईपर्यंत जीव टांगणीला. नव्या कॅमेऱ्यात फोटो लगेच दिसतो याचं यजमानांना शेवटपर्यंत अप्रूप होतं.

मी कपाटातून तो काढला. सुरूच होईना. सेलचं झाकण उघडलं तर आतले सेल फुटून पांढरा-हिरवा थर धरलेला. आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याने कुलपंसुद्धा वर्षभरात गंजतात, आणि मी सेल आतच विसरले होते.

"वहिनी, टाका तो डबा," माझी धाकटी जाऊ निशिगंधा म्हणाली. "घरात तीन मोबाइल आहेत."

"त्या मोबाइलांत चंद्रिका आहे का?"



खरवडल्याने थर निघेना. चंपा म्हणाली, "तांब्याला लावतेस तसं आंबट लाव की." चिंचेने सगळं चिकट झालं असतं. तिने जुनी, व्हिनेगरसारखी आंबलेली ताडी आणली. कापसाचा बोळा पिळून मी पितळी पट्ट्या पुसल्या, थर फसफसला, मग कोरड्या फडक्याने टिपून कॅमेरा दिवसभर उन्हात ठेवला. घड्याळातले सेल घातले तर पडदा क्षणभर उजळला आणि मेला. डहाणूहून चांगले, महाग सेल मागवले. झाकणाचा खटका तुटलेला, म्हणून पदराच्या जुन्या काठाची पट्टी घट्ट बांधली. तेव्हा कुठे तो सुरू झाला आणि आधी तारीख विचारू लागला. मी तारीख घातली. चंपा माझ्या खांद्याला खेटून उभी होती.

फोटो होते. यजमानांचे, वाडीचे, कुणाच्या तरी मुंजीचे. जत्रेचा एकही नाही. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नाही.

"पुसला गेला?" चंपाने विचारलं. आवाजात दुःख नव्हतं, उलट सुटल्यासारखं काहीतरी होतं.

निशिगंधा भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, रागावू नका. जत्रेच्या दिवसांत कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड माझ्या स्पीकरमध्ये होतं. अभंगांसाठी. नंतर मी परत घालून ठेवलं."

"म्हणजे मी कार्डाशिवाय फोटो काढत होते?"

"तुम्हाला कळलं नाही, मग मला वाटलं चालतंय."

तेव्हा आठवलं, जत्रेत दोनचार फोटोंतच कॅमेरा जागा संपल्याचं दाखवून बंद पडला होता. कार्ड नसलं की तो आपल्या पोटातल्या थोड्याशा जागेत फोटो ठेवतो, आणि कार्ड घातलं की फक्त कार्डातले दाखवतो. यजमानांनी एकदा सांगितलं होतं. मी बंद करून कार्ड काढलं आणि पुन्हा सुरू केला.

चंद्रिका होती.

पिवळं लुगडं, मागे बांगड्यांचे तोडे, गर्दी. ती हसत होती आणि हसताना तिने हात तोंडावर धरला होता. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं पंज्याखाली. डोळे उन्हाने मिटल्यासारखे. मी मोठा करून दाखवला. मोठा झाला तो हातच.

चंपा बराच वेळ पाहत राहिली.

"दात पुढे होते ना तिचे," ती म्हणाली. "हसली की झाकायची." मग माझ्याकडे वळली. "बाय, ही तर हसतेय."

"जत्रेतला आहे गो तो."

"मेलेली नाय ही."

  मला वाटलं होतं, ती आता तरी रडेल.

कॅमेऱ्यातून तो फोटो कार्डावर उतरवला आणि डहाणूला कार्ड देऊन मोठा करून आणला. कार्याच्या दिवशी सायवनला मीही गेले. अंगणात सुपात तांदूळ, तांदळावर फोटो. भगत नावं घेऊ लागला. चंपा उठली, फोटो उचलला, त्याला चिकटलेले दाणे झटकले आणि फोटो पोलक्यात सारून घरात गेली. लाहू हाका मारत राहिला. शेवटी घास त्याने एकट्यानेच टाकला. कावळा लगेच शिवला.

"शिवला बघ," लाहू दारातून म्हणाला.

आतून चंपा म्हणाली, "कावळा काय, कुणाचापण घास खातो."

लोकांनी सुतक सुटलं असं मानलं. तिने मानलं नाही. २०१८च्या हिवाळ्यात तलासरीकडची जमीन हादरू लागली, सायवनची माणसं अंगणात झोपू लागली, पण चंपा घरातच. पोर रात्री आली तर दार उघडायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं.

आणि दरवर्षी पावसाआधी भट्ट्यांवरची माणसं टेम्पोंतून परत येतात, तेव्हा ती चारोटी नाक्यावर जाऊन उभी राहते. २०१९ला मी तिच्याबरोबर गेले. ऊन भाजत होतं. टेम्पो थांबला की ती पुढे होऊन फोटो दाखवायची, "हिला बघितलंस काय?" पुरुष मान हलवून भांडी उतरवू लागायचे. एक बाई मात्र थांबली. कडेवरचं मूल सावरत तिने फोटो जवळ धरला.

"असेल," ती म्हणाली. "अशी एक होती पलीकडच्या भट्टीवर."

"हसताना असाच हात धरायची?"

बाईने जरा विचार केला. "धरायची बहुतेक."

चंपाचा चेहरा उजळला. तिला तसं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. फोटोत चेहरा पुरता दिसला असता तर त्या बाईने नाही म्हटलं असतं. त्या हातामुळे कुणालाच तिला नाही म्हणता येत नव्हतं.

"चंपा, चल आता," मी म्हटलं.

"तू जा बाय. अजून गाड्या यायच्यात."