खोल खड्डा

"मेलेली गुरं खोल पूर म्हणून तूच सांगितलंस ना, ताई? मग आता तोंड का वाकडं करतेस?" भाऊ बुजवलेल्या खड्ड्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा होता.

ताईने जमिनीत फिरवलेलं लांब गिरमिट वर ओढलं. टोकाला काळपट चिखल लागला होता. त्याचा वास आला तसा गाडीचा ड्रायव्हर नाक दाबून मागे सरला. खड्डा थेट जमिनीखालच्या पाण्याला भिडला होता आणि उताराच्या खालच्या अंगाला घराची विहीर होती.

मेलेली जनावरं पुरावीत, जाळावीत की भट्टीत न्यावीत, आणि कुठे कशात धोका नाही, हे ठरवण्यातच ताईची नोकरी सरत आली होती. घरी गेली की नवरा चहाआधी साबण पुढे करायचा. या तपासणीला दुसऱ्या कुणाला पाठवा म्हटलं, तर साहेब हसून म्हणाले, "माहेर तुमचं, रस्ता तुम्हालाच ठाऊक." साहेबांचे हात मोकळे झाले.

रोगाने गोठा निम्मा रिकामा केला, तेव्हा भावाने रडत फोन केला होता. ती मीटिंगमध्ये होती. "खोल पूर, कुत्र्यांनी उकरायला नको," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. पाणी किती खाली आहे, विहीर कुठल्या अंगाला आहे, हे ती जगाला विचारायची. सख्ख्या भावाला विचारायचं राहिलं. आणि त्या बापड्याने ताईचा शब्द म्हणून मशीन लावून नेहमीच्या दुप्पट खोल खणलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "पण विहीर आजच बंद करावी लागेल. हे सगळं उकरून भट्टीत न्यायचं. पाणी स्वच्छ होईपर्यंत दूधही विकता येणार नाही."

"आणि उरलेल्या गाईंना काय पाजू? तुझा सरकारी शिक्का?"

बोलत बोलत दोघं घराच्या ओट्यापाशी आली, तेवढ्यात वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली. "उन्हाच्या आलात वन्सं, घोटभर पाणी घ्या." तिच्या मनात काही नव्हतं. पण भावाला आयतंच सापडलं.

"घे ना ताई. आम्ही रोज पितो. अजून जिवंत आहोत."

पेल्यातलं पाणी नितळ होतं. लहानपणी याच विहिरीत दोघं पोहायला शिकली होती. एक घोट घेतला असता तर सगळं निभावलं असतं. पण मग विहीर बंद कुठल्या तोंडाने करायची? तिने पेला ओट्यावर ठेवला. "नको."

ओट्यावर बसलेली आई भिंतीला धरून उठली. आई आपली बाजू घेईल असं ताईला क्षणभर वाटलं. आईने पेला उचलला आणि तोंडाला लावला.

"आई, नको!" ताई धावली. आईने तिचा हात झिडकारला, पेला रिकामा केला आणि हाताच्या पाठीने ओठ पुसले.

"आमच्या घरचं पाणी चालत नसेल तर येत जाऊ नकोस," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

 ताईने विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या, वर लाल पाटी लावली. पुढे महिनोन्‌महिने लोकांनी तिची वाहवा केली, बाईने माहेरालाही सोडलं नाही म्हणून. त्या वाहवेची तिला शिसारी यायची.

गाडी सुरू झाली तशी वहिनी कुंपणाशी धावत आली. "वन्सं, पोरांना आता काय पाजू?"

ताईने गाडीतला पाण्याचा कॅन तिच्या हातात दिला. "संध्याकाळपर्यंत टँकर पाठवते. तोवर आईलाही यातलंच दे."

वहिनीने घराकडे पाहिलं. "त्या नाही प्यायच्या. तुमच्या हातचं तर नाहीच."

ती कॅन घेऊन पुढचं दार टाळून मागच्या दाराकडे वळली. ताईने काच वर केली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.